उन्हाळाभर नागपूर: तरुणांचं सेवा शिबिर चालवायचंय, अनुभवी मंडळींनी बोलावं

पहाटपाखरू

नमस्कार मंडळी. मी नगरची. (अहिल्यानगर म्हणायचं आता, जिभेला वेळ लागतोय.) एमएसडब्ल्यूची शेवटची परीक्षा झाली की थेट नागपूर गाठायचंय. एप्रिलअखेरपासून जूनच्या मध्यापर्यंत तिथे चर्चच्या तरुण मुलामुलींचं सेवा शिबिर चालवायची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. पद्धत अशी की पुणे, सोलापूर, नगर, मुंबईकडून दर रविवारी संध्याकाळी नवी तुकडी येणार, आठवडाभर सकाळी वस्तीत काम, संध्याकाळी गाणी, प्रार्थना, चर्चा, आणि शनिवारी ती तुकडी परत. वयं सोळा ते एकवीस. मी आणि तीन सहायक मात्र मुक्कामी. राहायला एक वसतिगृह मिळालंय, सुट्टीमुळे रिकामं आहे.

कामं आयोजकांनी ठरवून दिलीत: वस्तीतल्या पत्र्याच्या घरांना वरून पांढरा चुना, मेडिकलबाहेर (तिथलं मोठं सरकारी रुग्णालय) पाणपोई, लहान मुलांसाठी व्हीबीएस (सुट्टीत चर्चमध्ये भरते ती बायबल शाळा, गाणी-गोष्टी-हस्तकला असं सगळं), शिवाय पथनाट्य आणि भिंती रंगवणं.

आई म्हणते, "सेवा करायला नागपूरच सापडलं का, तेही मे महिन्यात?" मला उन्हापेक्षा बाकीचंच जास्त छळतंय. आठवडाभरात ही पोरं खरंच कुणाच्या उपयोगी पडतात, की नुसते फोटो? ख्रिस्ती म्हणून वस्तीत गेलो की लोक संशयानं बघतील का? आणि इतके दिवस घराबाहेर, दर रविवारी त्याच उत्साहानं स्वागत, हे निभतं का?

वऱ्हाडी ठसका

काहून टेन्शन घेऊन राहिली बाप्पा! या ना, नागपूर काई खात नाई कोणाले. फक्त दुपारी बारा ते पाच रस्त्यावर दिसू नका, इथं त्या टायमाले कुत्रंबी नालीतून बाहेर निघत नाई. अन् २५ मेच्या आसपास नवतपा लागते, ते नऊ दिवस तर पोरायले झाडाखालीच बसवा. पथनाट्य कोणाले दाखवता त्या उन्हात, गाईले?

सदरबाजारी

जय ख्रिस्त, बेटा. आमच्या नागपुरात स्वागत आहे. सदरमध्ये जन्म गेला माझा, ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या सावलीत म्हटलं तरी चालेल. २९ नोव्हेंबर १९७० ला वेगवेगळ्या ख्रिस्ती मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, ते याच नागपुरात. राष्ट्रीय पातळीवरच्या चर्च परिषदेचं मुख्यालयही इथेच आहे. तेव्हा बाहेरगावचे ख्रिस्ती पाहुणे आम्हाला नवीन नाहीत. तुमच्या नगरशी तर नातंच आहे. रेव्हरंड टिळक (कवी ना. वा. टिळक) नागपूरहून राजनांदगावला जात असताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशानं त्यांच्या हातात नवा करार ठेवला, १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा झाला आणि पुढचं आयुष्य तुमच्या नगरकडे गेलं. आम्ही अजून रविवारी त्यांची भजनं म्हणतो. इथे तुला हिंदी, तेलुगू, मल्याळी उपासनाही भेटतील, पोरांना एकदा तरी दुसऱ्या भाषेच्या उपासनेला ने.

एक सूचना. इथल्या चर्चच्या वडीलधाऱ्यांना आधी भेट. शिबिरवाले येतात, वस्तीत काहीतरी करून जातात आणि नंतर वर्षभर लोकांची उत्तरं आम्हाला द्यावी लागतात. "वो रंगवाले बच्चे फिर कब आएंगे?" याचं उत्तर मी दरवर्षी शोधतो.

तर्ककर्कश

धागा वाचतोय. ख्रिस्ती असो, हिंदू असो, कुणाचंही शिबिर असो, माझा प्रश्न तोच राहतो: नागपुरात रंगारी नाहीत का? पुण्या-मुंबईच्या पोरांचं रेल्वेभाडं, जेवण, टी-शर्ट यावर जो खर्च होतो त्यात वस्तीतल्याच चार माणसांना महिनाभर रोजी देता येईल. हे शिबिर वस्तीसाठी आहे की पोरांसाठी, हे एकदा खरं सांगा.

आणि संशयाचं म्हणाल तर नागपूरला त्याचा इतिहास आहे. नियोगी समिती इथलीच. १९५४ साली जुन्या मध्य प्रदेश सरकारनं नेमली, तेव्हा राजधानी नागपूर होती. मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करून १९५६ मध्ये अहवाल दिला. तो अहवाल आजही दोन्ही बाजू एकमेकांना फेकून मारतात.

सदरबाजारी

तर्ककर्कश साहेब, नियोगींचं नाव काढलंत तर पुढचंही सांगा की. अहवाल आला त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दीक्षाभूमीच्या सोहळ्यात बाबासाहेबांबरोबर धम्मदीक्षा घेणाऱ्यांत हेच निवृत्त न्यायमूर्ती नियोगी होते. आमचं शहर असं आहे, इथे धर्म बदलण्याची चौकशी करणाराही स्वतः धर्म बदलतो. 😄

बाकी रोजीचा मुद्दा चुकीचा नाही.

निशिगंध

पहाटपाखरू, एकेरी लिहिते, चालेल ना? मी मूळची सोलापूरची, नागपुरात असंच शिबिर सांभाळलंय. लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बस.

आधी तर्ककर्कश यांना उत्तर. शिबिर पोरांसाठी असतं. हे मान्य करायला आपल्या लोकांना फार जड जातं, पण एकदा मान्य केलं की पुढचं सगळं सोपं होतं, कारण मग आपण वस्तीवर उपकार करायला आलोय हा आव राहत नाही. पोरं शिकायला आलीत, तर शिकवणारा कोण? वस्तीतलाच माणूस. आम्ही पत्र्यांच्या कामाला तिथल्याच एका रंगारी मिस्त्रींना रोजीवर घेतलं आणि पोरांना त्यांच्या हाताखाली दिलं. मी नेता नव्हे, मिस्त्री नेता. मी फक्त हजेरी, पाणी आणि वेळ बघायची. पुण्याची इंजिनिअरिंगची पोरं मिस्त्रींच्या शिव्या खात चुना ढवळताहेत हे दृश्यच बघण्यासारखं असायचं.

चुन्याचं नीट सांगते, कारण आयोजकांच्या कागदावर "छताला चुना मारणे" एवढंच लिहिलेलं असतं. कळीचा चुना आदल्या दिवशी लोखंडी ड्रममध्ये भिजवायचा. पाणी चुन्यावर ओतायचं नाही, पाण्यात चुना थोडा थोडा सोडायचा. तो खदखदून उकळतो, शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. म्हणून हे काम मिस्त्रींचं, पोरं दहा हात लांब, आणि जवळ असेल त्याला चष्मा सक्तीचा. सकाळी गाळून घ्यायचा, त्यात फेविकॉल मिसळायचा म्हणजे हात लावला तर पांढरा निघत नाही. पत्रा आधी झाडून, पुसून घ्यायचा, नाहीतर धुळीसकट पोपडे निघतात. पहाटे पाचला कामाला सुरुवात, कारण आठ वाजले की पत्र्यावर तळवा टेकवत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सिमेंटच्या पत्र्यावर पाय कुठेही ठेवला की तो फुटतो आणि माणूस थेट खालच्या चुलीवर. पाय फक्त नट-बोल्टच्या रेषेवर, कारण खाली तिथेच आडवा बांबू किंवा लोखंड असतं, आणि तेही फळी टाकून. मिस्त्री तर पोरांना वर चढूच द्यायचे नाहीत. शिडीवरून लांब दांड्याच्या कुंच्यानं जेवढं पोहोचतं तेवढं पोरांचं, उरलेलं त्यांचं आणि त्यांच्या भाच्याचं. पोरं हिरमुसायची. हिरमुसू देत.

दुपारी घरात किती फरक पडतो हे घरमालकिणीला विचार. एक आजी म्हणाल्या होत्या, "पंखा आता गरम वारा नाई फेकत, एवढंच." तेवढं पुरे. पावसात चुना धुऊन जातो, पुढच्या वर्षी परत मारावा लागतो, म्हणून सदरबाजारी काकांच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: वस्तीतल्या दोन-तीन पोरांना मिस्त्रींच्या हाताखाली पूर्ण उन्हाळा ठेवायचं, त्यांनाही रोजी. तुकड्या येतात-जातात, ती पोरं राहतात.

पहाटपाखरू

निशिगंध ताई, कागदावर खरंच एवढंच लिहिलंय. आणि रोजीचा खर्च बजेटमध्ये कुठेच नाहीये.

निशिगंध

टी-शर्टचा खर्च आहे का बजेटमध्ये? मग तो काढ.

तर्ककर्कश

हे मात्र आवडलं. 😀

दवाखाना_डायरी

नागपुरात प्रॅक्टिस करते. उन्हाबद्दल "पाणी भरपूर प्या" याच्या पुढचं लिहिते.

शरीराला नव्या उन्हाची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. घाम लवकर सुटायला लागतो, घामातून मीठ कमी जातं. तुमची तुकडी आठवडाभरात परत जाते, म्हणजे तुमच्याकडे येणारं प्रत्येक मूल कायम पहिल्या आठवड्यातलंच असणार. आणि तुम्ही चौघं तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत सरावलेले. धोका इथे आहे. "मला तर काही होत नाही, तुम्हाला काय झालं" असं तुमच्या मनात येईल, तोंडावरही येईल. कामाची वेळ ठरवताना स्वतःचं अंग प्रमाण धरू नका. सोमवारी निम्मंच काम, पुढे थोडं थोडं वाढवा. जोड्या लावा, दोघांनी एकमेकांवर लक्ष ठेवायचं. ज्याला चक्कर येतेय तो स्वतः सांगत नाही, विशेषतः मुलगे.

एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ (चहाचा चमचा), हे घरचं ओआरएस. मीठ अंदाजानं टाकू नका. पाकिटं मिळतात तीच आणलीत तर उत्तम, "ओआरएस"सारखी दिसणारी गोड पेयं नकोत.

मूल असंबद्ध बोलायला लागलं, अडखळायला लागलं, अंग चटके बसतील इतकं तापलं की तो उष्माघात समजा. ताप १०४ फॅरनहाइटच्या वर गेलेला असू शकतो. घाम येतोय म्हणून निर्धास्त राहू नका, काम करणाऱ्याला उष्माघातातही घाम असतो. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, काखेत-जांघेत बर्फ, आणि १०८ ला फोन. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. क्रोसिन वगैरे देत बसू नका, हा तो ताप नव्हे.

आणि कूलर! बाहेरगावच्या लोकांना कूलरचा शॉक माहीत नसतो. इथे दर उन्हाळ्यात त्यानं माणसं जातात. वसतिगृहातल्या प्रत्येक कूलरचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, पाणी भरताना प्लग काढलाच पाहिजे, नुसतं बटण बंद करून चालत नाही. आठवड्यातून एकदा टाकी कोरडी करा, डास तिथेच वाढतात. शनिवारी तुकडी गेली की टाक्या रिकाम्या, असा नियम करा.

वऱ्हाडी ठसका

डाक्टरीणबाईनं कूलरचं खरं सांगितलं. आमच्या गल्लीत तर नवीन भाडेकरू आला की पहिले कूलरचं सांगतो, मंग पाण्याच्या टायमाचं. खिशात कांदा ठेवाले सांगतीन लोक. ठेवा, वास येते, बाकी काई नाई होत. 😂 त्यापेक्षा डोक्या-कानाले सुती दुपट्टा बांधा.

मावशी_धरमपेठ

मी साताऱ्याची, लग्न होऊन नागपुरात आले. पहिल्या उन्हाळ्यात सासूबाईंनी दुपारी खिडक्या बंद करून वाळ्याच्या ताट्या भिजवल्या तेव्हा मला वाटलं होतं, अंधारकोठडीत टाकलं. आता मीच सुनेला ओरडते, खिडकी उघडू नको म्हणून.

तुझ्या आईसाठी लिहिते. रोज रात्री फोन करते असं कबूल करू नकोस. एखाद्या रात्री राहून गेला की तिकडे जीव टांगणीला. दिवसाआड, ठरलेल्या वेळी कर. आणि आईला एकदा शिबिरावर बोलाव, महाराष्ट्र एक्सप्रेस नगरवरून थेट येते. दोन दिवस राहू दे, स्वयंपाकघरात बसू दे, तिची काळजी आपोआप उतरेल. पन्ह्याचा गर मी करून देईन, बरणीभर. संकोच करू नकोस. मी चर्चवाली नाही पण कैरीला काय धर्म?

पहाटपाखरू

मावशी, आईला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "या बाईंना माझा नंबर दे." 🙂

दोन प्रश्न उरलेत. व्हीबीएस वस्तीत घ्यायचं असं आयोजक म्हणतात, त्यात सगळ्या धर्मांची मुलं येणार. मला ते खटकतंय. आणि संध्याकाळच्या भक्तीचं कसं करायचं?

निशिगंध

वस्तीत नको. स्पष्ट सांगते. पाच-सात वर्षांचं पोर खाऊसाठी येऊन बसतं आणि गाणं शिकून घरी जातं, आणि त्याच्या आईबापाला कुणी विचारलेलंच नसतं. हे आपल्या मुलांच्या बाबतीत दुसऱ्या कुणी केलं तर आपल्याला चालेल का? व्हीबीएस चर्चच्या आवारात, पालकांच्या लेखी संमतीनं. वस्तीत वाचन, गणिताचे खेळ, चित्रं. दोन्हींची सरमिसळ नको, खाऊही दोन्हीकडे सारखाच.

सदरबाजारी

इथे माझं थोडं वेगळं मत आहे. संमतीचं अगदी मान्य. पण आपण ख्रिस्ती आहोत हे लपवूही नये. लपवलं की मग संशय येतोच. पाणपोईवर चर्चचं नाव असावं, कुणी विचारलं तर सरळ सांगावं, आणि न विचारता प्रवचन देऊ नये. कायद्याचंही पोरांना समजावून ठेव. घटनेच्या कलम २५ नं धर्म पाळण्याचा, त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे, पण १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही. तापलेल्या वातावरणात पत्रकं वाटायला निघालेला अठरा वर्षांचा उत्साही पोरगा सगळ्या शिबिराला पोलीस ठाण्यात नेऊ शकतो.

हिस्लॉप कॉलेजचं नाव ज्यांच्यावरून आहे ते स्टीफन हिस्लॉप १८४५ साली इथे आले. मिशनरीच होते. पण शाळा काढली, इथल्या खडकांचा, जीवाश्मांचा अभ्यास केला, गोंडांची भाषा-गाणी लिहून ठेवली. १८६३ ला टाकळघाटजवळ, तिथली शिळावर्तुळं बघून परतताना, ओढ्याच्या पुरात गेले. आज नागपुरात त्यांचं नाव सगळे घेतात ते कॉलेजमुळे.

तर्ककर्कश

सगळ्या मिशनऱ्यांना हिस्लॉप समजू नका, एवढंच. पण लेखी संमती, वेगळी जागा, न विचारता प्रवचन नाही, हे पाळलंत तर माझ्यासारख्याला आक्षेप घ्यायला जागा राहत नाही. पाणपोईवर एखादी सकाळ उभा राहीन. खरंच. मेडिकलजवळच राहतो. गडचिरोली, बालाघाट, छिंदवाड्याहून पेशंट घेऊन आलेली माणसं तिथे फुटपाथवर दिवस काढतात.

निशिगंध

या की! रांजणाला ओलं तरट गुंडाळायचं काम तुमचं. आणि ग्लास रांजणात बुडवू द्यायचा नाही, लांब दांड्याचं ओगराळं ठेवा. लोकांना पाण्याइतकंच "मेयोला कसं जायचं" (मेयो म्हणजे इथलं दुसरं सरकारी रुग्णालय), "अमुक खिडकी कुठे" हेही हवं असतं. मराठी-हिंदी धड बोलणारं पोर तिथे हवं, गिटार वाजवणारं नको.

पहाटपाखरू, आता तुझा तिसरा प्रश्न, त्याला कुणी हात लावला नाही.

पहिल्या तुकडीला तू स्टेशनवर धावत जाशील. पुढे तेच स्वागत, तेच ओळखीचे खेळ, तोच विनोद, स्वतःच्या आवाजाचा वीट येतो. पण समोरच्या पोराचा तो पहिलाच रविवार असतो, आईबापाला पटवून, नवे बूट घेऊन आलेला. म्हणून स्वागत चौघांत फिरतं ठेव. शनिवार त्याहून वाईट. सकाळी गाडी सुटेपर्यंत रडारड, "ताई, तुम्हाला कधीच विसरणार नाही", आणि दुपारी तू एकटी ढीगभर चादरी भिजवत बसलेली. त्या दुपारी सहायकांशी बोलून उपयोग नसतो, तेही तसेच रिकामे झालेले असतात. मी पाळकीणबाईंकडे (चर्चच्या पाळकांच्या पत्नीकडे) जायचे. त्या शिबिराचं एक अक्षर विचारायच्या नाहीत, भाजी निवडायला बसवायच्या. असं एक घर पहिल्याच आठवड्यात शोध.

आणि शुक्रवारी रात्री पाय धुण्याचा विधी असतो ना तुमच्यातही, योहानाच्या तेराव्या अध्यायातला, येशूनं शिष्यांचे पाय धुतले त्यावरून? पोरं भारावतात, छान असतं. एकदा पाय धुऊन सगळे डोळे पुसत झोपायला गेले आणि स्वयंपाकाच्या बाई एकट्या टोपं घासत बसलेल्या. तेव्हापासून क्रम बदलला: आधी सगळ्यांनी मिळून भांडी, मग बादली आणि पंचा. बाईंना पहिल्या खुर्चीवर बसा म्हटलं तर म्हणाल्या, "नको बाई, मले गुदगुल्या होतात."

मावशी_धरमपेठ

😂😂 या बाई मला भेटल्याच पाहिजेत.

दवाखाना_डायरी

काही मुलं अठराच्या आतली आहेत म्हणून आठवण: पॉक्सो कायदा (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा) आयोजकांकडून नीट समजून घ्या. तक्रार कानावर आली तर "आपसात मिटवू" चालत नाही, पोलिसांना कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. मुलींच्या मजल्यावर रात्री महिला सहायक, आणि एका मुलासोबत एकटा मोठा माणूस बंद खोलीत नको, अगदी प्रार्थनेसाठीसुद्धा.

पहाटपाखरू

सगळ्यांचे आभार. काल आयोजकांशी दीड तास बोलले. टी-शर्ट गेले, त्यातून मिस्त्री आणि वस्तीतली दोन पोरं रोजीवर. व्हीबीएस चर्चमध्ये, फॉर्मवर पालकांची सही असल्याशिवाय नाही. पथनाट्य आणि भिंती रद्द. नवतपाच्या आठवड्यात पत्र्यांचं काम बंद, फक्त पाणपोई, तीही पाळीपाळीनं. "पोरांना मग करायला काय उरलं?" असं एकजण म्हणाले. मी म्हटलं, भांडी.

एकच अडलंय. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, आमच्याकडच्या मध्यालाच. त्यामुळे आम्ही निघालो तरी वस्तीतल्या मुलांची सुट्टी चालूच असेल. वाचनवर्ग मध्येच तुटेल.

सदरबाजारी

ते आमच्या तरुण संघावर सोड. आमची पोरं कॉलेजवाली आहेत, सकाळी मोकळीच असतात. पण वर्ग तुटायच्या आदल्या दिवशी नको, मे महिन्यापासूनच त्यांना सोबत बसव.

पहाटपाखरू

नक्की, काका. पोहोचले की आधी तुम्हालाच भेटायला येते. निशिगंध ताई, चुना नागपुरात कुठून घ्यायचा?

निशिगंध

इतवारीत मिळतो. पण तू जाऊ नकोस, मिस्त्रींनाच आणू दे, त्यांना बरोबर भाव लागतो. पावती मात्र मागून घे.